नऊवारी हवी, फड नको!

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचे फोटो मोबाइलवर फिरू लागले की दुसऱ्या दिवसापासून एक ठरलेली कुरकुर सुरू होते. नगरात होते, संगमनेरात होते, पुण्यात तर ती पिढीजात आहे. मुलींनी नऊवारी नेसली, नथ घातली, पोरांनी फेटे बांधले, इथपर्यंत कोणाची हरकत नसते. हरकत असते ती उगमाला. हे सगळं यांनी उचललं कुठून? मालिकांतून. सिनेमातल्या लावणीतून. कुठल्याशा महोत्सवात ढोलकीवर नाचणारी बाई पाहिली आणि तिच्यासारखा अंबाडा घालून घेतला. याला इतिहास म्हणत नाहीत, हे बहुरूप्याचं सोंग झालं. जुना वेश करायचाच तर अभ्यास करून करावा, असं म्हणणं असतं.

म्हणणारी माणसं चार पुस्तकं वाचलेली असतात, त्यामुळे पोरंपोरी मुकाट ऐकून घेतात. मी ऐकून घेणार नाही. या तक्रारीत अभ्यासाचं नाव पुढे केलेलं असलं तरी अभ्यास फारसा नाही, आणि जे खरं दुखणं आहे ते कोणी तोंडातून बाहेर काढत नाही.

आधी अभ्यासाचंच बघू. अस्सल जुना मराठी वेश म्हणून एक काहीतरी ठरलेलं, कुठंतरी पेटीत घडी करून ठेवलेलं आहे, असं या मंडळींनी गृहीत धरलंय. ती पेटी उघडायची कुठे? आपल्या नगरपुरतं बोलायचं तर इथल्या दरबाराशी जोडलेली जुन्यातली जुनी चित्रं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारसी काव्याच्या हस्तलिखितात आहेत. आफताबी नावाच्या कवीनं हुसेन निजामशाहाची स्तुती गायली, 1565च्या आसपास. हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या बायकांच्या अंगावर तोकड्या चोळ्या आहेत, लांबसडक वेण्या आहेत, वेण्यांना गोंडे आहेत. राणी खुंजा हुमायून हिच्या बऱ्याचशा आकृत्या पुढे कोणीतरी पुसून टाकल्या, तो भाग वेगळा. पण उद्या एखादी मुलगी हा अभ्यास करून, तसा वेश करून माळीवाड्यातून निघाली, तर तिला पहिला प्रश्न हेच अभ्यासू विचारतील: हे कुठलं परकं ध्यान?

बरं, निजामशाही नको, पेशवाई घेऊ. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1790 नंतर पुण्यात आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्यानं केली. अंगरखा कसा होता, पगडी कशी होती, गळ्यात काय होतं, ते त्यावरून सांगता येतं. पण वाड्यातल्या बायका काही परक्या चित्रकारापुढे बसत नव्हत्या. दप्तरात कापडाच्या खरेदीच्या नोंदी मिळतील, शेल्यांची नावं मिळतील. निऱ्या किती घालायच्या आणि कासोटा कुठून फिरवायचा हे कोणत्या कारकुनानं लिहून ठेवलंय? नेसणं कागदावर नसतं, हातात असतं. आईच्या हातून लेकीच्या हातात जातं आणि मधली एक पिढी पाचवारीवर गेली की संपतं.

मग या तक्रारखोरांच्या डोळ्यांपुढे जी ‘अस्सल’ मराठी बाई उभी असते, ती आली कुठून? थोडी रविवर्म्याच्या छापील चित्रांतून, ज्यांचा छापखाना आधी मुंबईला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता. थोडी 1880 ते 1920 च्या दरम्यान स्टुडिओत काढलेल्या फोटोंतून. त्या फोटोंतल्या बाईच्या अंगात पाहा: फुगीर बाह्यांचं पोलकं, गळ्याला आणि मनगटाला लेस. हा आपल्या आज्यांचा अभिमानाचा वेश, आणि त्याची कातर आली विलायतेहून. शिवाय त्या बायकाही सोयीप्रमाणे बदलत होत्या. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत गेल्यावर गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या, कारण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. आता त्यांना कोणी अभ्यास करायला सांगावं?

त्या ‘अस्सल’ बाईचा उरलेला मोठा हिस्सा आला रंगभूमीवरून. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण हा पुरावा सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरीही कोणी तो मोजत नाही.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1888 साली जन्मले. 1911 मध्ये ‘मानापमान’मधली त्यांची भामिनी आली, 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, 1916 मध्ये ‘स्वयंवर’ची रुक्मिणी. रात्रभर चालणारी नाटकं, पडद्यापुढे ऑर्गन आणि सारंगी, एकेका पदाला वन्स मोअर. या महाराष्ट्रानं भद्र समाजात बसून ऐकलेलं सगळ्यात मोठं जिवंत संगीत ते हेच. आणि त्या संगीताच्या मधोमध उंची शालू नेसलेला, नथ घातलेला, अंबाड्यावर फुलं माळलेला एक पुरुष. घरंदाज बायका नाटकाला जायच्या त्या गाणं ऐकायला, आणि येताना डोळ्यांत घेऊन यायच्या त्याचा पदर. तो अंगावर कसा घेतला होता, शालूबरोबर शेला कसा टाकला होता, फुलं नेमकी कुठे खोवली होती, याची नक्कल पुण्या-मुंबईच्या माजघरांत झाली. एका पुरुषानं बायकांना बाईपण कसं मिरवावं ते शिकवलं आणि बायकांनी ते आनंदानं शिकून घेतलं. तेव्हाही नाकं मुरडणारे असतीलच. पण आज त्याच नेसण्याला आपण घरंदाज परंपरा म्हणतो, लग्नाच्या अल्बमात आजीच्या फोटोकडे बोट दाखवून ‘याला म्हणतात नेसणं’ असं नातीला सुनावतो. आजीनं ते नाटकातून उचललं होतं हो! नातीनं मालिकेतून उचललं तर आभाळ का कोसळावं?

2011 साली ‘बालगंधर्व’ सिनेमा आला, त्याच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नथी-शालूंची हौस पुन्हा एकदा उफाळली. म्हणजे नाटकातला वेश बायकांच्या अंगावर, बायकांच्या अंगावरून फोटोत, फोटोतून सिनेमात, सिनेमातून पुन्हा लग्नाच्या हॉलात. या फेऱ्यात ‘इथून पुढे नकली’ अशी रेघ मारायची कुठे, ते मला दाखवावं.

आता मालिका. त्यांची वकिली मी डोळे मिटून करणार नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर गजानन जागीरदारांची ‘स्वामी’ लागायची, रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. त्या मालिकेकडे पैसा बेताचा होता, म्हणून असेल कदाचित, पण माणसं घरात बसल्यासारखी कपड्यांत बसायची. पुढे 2012 मध्ये ‘उंच माझा झोका’ आली, रमाबाई रानड्यांची, आणि चिमुकल्या रमेसारखी छोटी नऊवारी शिवून घ्यायला आया शिंप्याकडे धावल्या. 2021 मध्ये सोनीवर ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ सुरू झाली. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीला देशभर ओळख व्हायला हिंदी बोलावं लागलं, असो.

या नव्या मालिकांत चुका ढिगानं आहेत. झोपायच्या खोलीत गळाभर दागिने. शेतातून आलेल्या बाईच्या लुगड्याला इस्त्रीची घडी. आणि रंग! कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग निघाला 1856 साली, लंडनमध्ये. त्याआधी आपल्याकडे लाल म्हणजे आलाच्या मुळीचा, निळा म्हणजे निळीचा. तो डोळ्यांत न भोसकता नजरेत उतरणारा रंग. अठराव्या शतकातली सून राणी गुलाबी पॉलिस्टरमध्ये वावरताना दिसली की मलाही टीव्ही बंद करावासा वाटतो. ज्या नगरात पद्मशाली आणि साळी विणकरांच्या मागांवर बायकांची लुगडी निघत होती, कोपरगावची वेस ओलांडली की ज्याच्या शेजारी पैठणीचं येवलं आहे, तिथल्या माणसाला सुरतेच्या कापडाची चमक खटकणारच. इथपर्यंत तक्रारवाल्यांशी माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. चुकीच्या रंगाची मालिका पाहून मुलीनं नऊवारी नेसायला घेतली, तर चूक रंगाची झाली. नेसायची इच्छा चुकीची ठरत नाही. ती इच्छा पुस्तकानं निर्माण केली नव्हती. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910 पासून छापील मिळतात, शंभर वर्षांत त्या वाचून किती जणींनी लुगडं नेसायला घेतलं? जे काम पडद्यानं केलं ते पडद्याच्या नावावर मांडावं, एवढा प्रामाणिकपणा हवा.

आणि आता ते न बोललेलं दुखणं.

2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ गाण्यावर गदारोळ झाला. पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला, इतरांनीही घेतला. काशीबाई आणि मस्तानी अशा एकत्र नाचल्या नसतील, हा आक्षेप इतिहास म्हणून रास्तच होता. पण त्या वेळच्या चर्चा आठवून पाहा. लोकांचा खरा संताप ‘नाचल्या’ यावर नव्हता. मंगळागौरीत बायका नाचतातच, पिंगा हा तिथलाच खेळ. संताप होता तो पेशव्यांच्या घरातली बाई लावणीवालीसारखी दिसली यावर. तीच गोष्ट शोभायात्रेतल्या मुलीची. तिची नथ चुकीची असती, बुगडी उलटी असती, तर कोणी लेख लिहिला नसता. ती तमाशातल्या बाईसारखी दिसते, हे सहन होत नाही. ‘अभ्यास करा’ याचा उलगडा केला तर एवढाच निघतो: घेतलंस ते घेतलंस, पण चुकीच्या दारातून घेतलंस.

हा वाद आपल्या जिल्ह्यात जुना आहे. संगमनेरचे अनंत फंदी, जन्म 1744, जातीनं ब्राह्मण आणि धंद्यानं तमासगीर. त्यांची आणि अहिल्याबाई होळकरांची भेट झाली, बाईंनी त्यांना तमाशावरून चार शब्द सुनावले, आणि फंदींनी डफ खाली ठेवून कीर्तन धरलं, अशी कथा सांगतात. कथा खरी की रचलेली, ते बाजूला ठेवू. सव्वादोनशे वर्षं आपण ती कौतुकानं सांगतोय, यातच सगळं आलं. आपल्याला फंदी हवा असतो, पण सुधारलेला. तसाच आपल्याला कासोटा हवा असतो, पण ज्या बाईनं तो राखला ती वगळून.

राखला, हा शब्द मी तोलून वापरतोय. नऊवारी रोजच्या वापरातून गेली तेव्हा ती दोन ठिकाणी उरली. एक, शेतात. अकोले तालुक्यात भातलावणीच्या चिखलात वाकलेल्या म्हातारीचं गुडघ्यावर खोचलेलं लुगडं आजही दिसतं; पण त्याचा ‘लूक’ कोणी करत नाही, ते गरिबीचं लुगडं पडलं. आणि दोन, फडात. याच संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि महाराष्ट्रभर गाजली. याच संगमनेरला कांताबाई सातारकरांनी घर केलं, तमासगीर तुकाराम खेडकरांच्या माघारी फड उभा ठेवला, तो पुढे मुलानं, रघुवीर खेडकरांनी चालवला. कांताबाई 2021च्या मे महिन्यात गेल्या. आणि जामखेडच्या कलाकेंद्रांत संगीत बाऱ्या, म्हणजे लावणीचे ताफे, अजून पेटी-तबला-ढोलकीवर बसतात. ज्या काळात आमच्या घरच्या बायका पाचवारीवर, मग पंजाबी ड्रेसवर गेल्या, त्या सगळ्या काळात रोज संध्याकाळी नऊ वार कापड स्वतःच्या हातानं अंगाभोवती बसवणाऱ्या बायका या होत्या.

तेही कापड जुनं नाही, हे मला सांगायला नको. फडात जॉर्जेट आलं, सॅटिन आलं, चमकी तर फार आधी आली. मी कापडाबद्दल बोलतच नाही. बारीवरच्या बाईला नेसताना एकदा नीट पाहा. कमरेला पहिली गाठ अशी पडते की वर पोट आवळत नाही आणि खाली तसूभर सरकत नाही. मग निऱ्या, मग त्यांतला मधला भाग दोन पायांतून मागे, कण्याशी खोचलेला कासोटा. पायाकडची लांबी ती बोटांनी मोजते, कारण चाळ झाकले गेले तर आवाज दबतो आणि काठ वर गेला तर शोभा जाते. चाळ किलोकिलोंचे, त्यांच्याखाली घोट्याला कापडाची पट्टी. वरचा पदर छातीवरून घट्ट, त्यावर कमरपट्टा. हे सगळं झाल्यावर ती एकदा उकिडवी बसते आणि उठते. काही सुटलं नाही, काही ताणलं नाही, तर नेसणं पास. पुढचे तीन तास ढोलकीवाला तिची परीक्षा घेणार असतो: गिरकी आहे, खाली बसून अदा आहे, बैठकीच्या लावणीत नुसत्या पदराच्या टोकाशी चाललेला खेळ आहे. कॅमेऱ्यापुढच्या नटीला पदर सुटला तर ‘कट’ म्हणता येतं. हिला कोण म्हणणार?

म्हणून माझा पक्ष असा, की जुन्या वेशाची प्रेरणा मालिकेत जरूर शोधावी, पण शिक्षण घ्यायचं तर जिवंत गाण्याकडे जावं. मालिकेत वेश दिसतो, फडात तो चालतो. अंगावरचा कपडा घामात, वळताना, बसताना काय करतो, हे कळल्याशिवाय ते नेसणं कशासाठी तसं होतं ते कळत नाही. हाच नियम पुरुषांना. कोरठणच्या खंडोबाच्या यात्रेत दिमडीवर जागरण घालणारा वाघ्या पाहावा, शाहिराचा फेटा पाहावा. लग्नाच्या हॉलबाहेर टोपीसारखे रचून ठेवलेले आयते फेटे डोक्यावर ठेवून जे मिरवतात, त्यांना फेट्याचा शेमला पाठीवर कशासाठी सोडतात असं विचारा.

आयत्यावरून आठवलं. आज बाजारात शिवलेली नऊवारी मिळते: ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी, काय वाटेल त्या नावाची. दोन पाय घातले, हुक लावला, झालं. मला तिचा राग नाही. स्कूटरवर बसून शोभायात्रेला जायचंय, दुपारी नोकरीवर हजर व्हायचंय, तर शिवलेलीच बरी. पण गंमत पाहा. पार्लरमध्ये मुलगी मोबाइलवर फोटो दाखवते तो ‘चंद्रमुखी’ किंवा ‘नटरंग’ सिनेमातला, म्हणजे तमाशातल्या बाईचा, पार्लरवाली तिला तयार करते, आणि घरी आल्यावर आई कौतुकानं म्हणते, अगदी पेशवीण दिसतेस. हा मधला दुवा झाकायचा उद्योग बंद करा, एवढंच माझं मागणं आहे. तमाशातल्या बाईसारखी दिसतेस म्हणा. त्यात कमीपणा कसला?

यावर शेवटचा बाण ठरलेला असतो: कसला फड नि कसली लावणी, आता सगळा डीजे झालाय, केंद्रांवर काय चालतं ते आम्हाला ठाऊक आहे. काही ठिकाणी वाईट चालतं, खरं आहे. बायकांचं शोषण होतं, तेही खरं. पण पेटी-ढोलकी बाहेर काढून स्पीकर आत आणला तो बघायला येणाऱ्यांच्या मागणीनं. आणि त्याविरुद्ध पहिली ओरड केली ती जुन्या बाऱ्यांच्या कलावंतांनीच; त्यांच्या पोटावर आणि विद्येवर एकदमच पाय आला होता. अकलूजला 1993 पासून लावणीची स्पर्धा सुरू झाली, तिथे पारंपरिक बाज टिकवण्याचा आग्रह धरला गेला, तेव्हा याच बायकांनी तो निभावून दाखवला. भूषण कोरगावकरांच्या ‘संगीत बारी’ या कार्यक्रमामुळे शकुंतलाबाई नगरकरांची अदाकारी शहरी नाट्यगृहांतल्या लोकांनी तिकीट काढून पाहिली. मुंबईत टाळ्या पडतात. आपल्या जिल्ह्यात मात्र कलाकेंद्रं बंद करा अशी मागणी अधूनमधून होते, आणि ती करणाऱ्यांच्या घरच्या लग्नात नवरीची करवली नऊवारीत लावणीवर थिरकते.

तेव्हा ज्यांना अभ्यासाचा इतका कळवळा आहे त्यांना माझा एक साधा प्रस्ताव. पुढच्या पाडव्याआधी महिनाभर, नगरच्या एखाद्या कॉलेजात नेसण्याची कार्यशाळा ठेवा. मुलींना मालिकांचे फोटो आणू द्या. शिकवायला जामखेडच्या बारीवरची ज्येष्ठ कलावंत बोलवा, प्राध्यापकांना देता तेवढं मानधन तिला द्या, आणि निमंत्रणपत्रिकेवर तिचं नाव, तिच्या बारीच्या नावासकट, प्रमुख पाहुणी म्हणून ठळक छापा. पत्रिका वाटल्यावर प्राचार्यांना पहिला फोन कोणाचा येतो आणि तो इतिहासाबद्दल काय बोलतो, तेवढं मला कळवा.